घसरलेला फौजी

मारोतीभाऊ नागापुऱ्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते रांगेत उभे होते. रांगेत दुसरं कोणीच नव्हतं. गडचिरोलीच्या बसस्टँडवर चामोर्शीची गाडी लागायची होती. माणसं, पोती, कोंबड्या असा सगळा पसारा मांडलेला, आणि हा गृहस्थ गाडीचं दार जिथे येईल असं त्याला वाटत होतं तिथे, हात मागे बांधून, एकट्याचीच रांग करून उभा. गाडी आली. दार भलतीकडेच थांबलं. सगळा बाजार आत घुसला आणि हे सर्वांत शेवटी चढले. चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता. समोरच्या माझ्या टायपिंगच्या दुकानात बसून मलाच त्यांच्या वतीने राग आला. मला तो लवकर येतो, हे माझी गिऱ्हाइकं जाणतात.

पुढे कळलं की हे फौजीभाऊ. चामोर्शी रोडवरच्या एका तलावाच्या गावचे ढिवर, म्हणजे मासेमार. तरुणपणी सैन्यात गेले, नायकाच्या हुद्द्यावरून परत आले आणि परतल्यावर पुन्हा जाळं खांद्यावर घेतलं. सैन्य मात्र त्यांच्या अंगातून काही गेलं नाही. घरच्या शेळ्यांना ते ‘सावधान’ म्हणत आणि शेळ्या ऐकत नाहीत म्हणून मनापासून खट्टू होत. प्लास्टिकची पिशवी हाती आली की तळहाताने इस्त्री करून तिची चौकोनी घडी घालून खिशात ठेवत. लग्नाच्या पंगतीत सगळ्यांच्या पानात वाढून झाल्याशिवाय घास उचलत नसत, आणि तोवर त्यांचा भात गार होऊन जाई. ‘कायदेसे’ हा त्यांचा आवडता शब्द. चहा कायदेसे उकळायचा, मासा कायदेसे कापायचा. एकदा माझं आणि एका गिऱ्हाइकाचं कडाक्याचं जुंपलं होतं, तर हे दारातून म्हणाले, “भांडा न बाई, पन कायदेसे भांडा. दोघंबी एकाच टायमाले बोलून राह्यले, तं आईकाचं कोनाचं?” आम्ही दोघंही गप्प झालो.

माझ्या दुकानात मात्र ते आले नव्हते, आणले गेले होते. आणलं होतं त्यांच्या बायकोने. अनसूयाबाई म्हणजे बुटकी, काळीसावळी, कपाळावर भलंमोठं कुंकू आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. दुकानात शिरताच त्यांनी नवऱ्याला खुर्चीत बसवलं, स्वतः उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बाई, याईचे बिल्ले राह्यले.”

“कुठे राहिले?”

“सरकारच्या घरी.”

भाऊंनी पिशवीतून डिस्चार्ज बुक काढलं. सैनिक निवृत्त होतो तेव्हा त्याला मिळतं ते पुस्तक. त्यात पदकांची जागा कोरी होती. वास्तविक ते बर्फाळ उंचीवरच्या चौकीवर राहून आले होते, आणि तिथे राहिलेल्या प्रत्येकाला त्या ड्यूटीचं पदक मिळतं. पलटण खाली उतरली, यादी झाली, तेव्हा भाऊ इस्पितळात होते. पुढे बदली झाली. नाव राहून गेलं.

“याईच्या संगं राह्यलेले सारे छब्बीस जानेवारीले छातीवर बिल्ले लावून जातेत,” अनसूयाबाई म्हणाल्या. “अन् हे मोकळा कोट घालून जाते.”

“मोकळा कोट हलका राह्यते,” भाऊ म्हणाले.

“तुमी चूप बसा.”

मी विचारलं, इस्पितळात कशासाठी होता? भाऊ म्हणाले, पाय मोडला होता. कसा? “पान्याले गेलो होतो, घसरलो.” हे ऐकताच अनसूयाबाईंनी नाकाने असा आवाज काढला की शेजारच्या झेरॉक्सवाल्याने वळून पाहिलं.

त्या आवाजाचा अर्थ मला हळूहळू कळत गेला. भाऊंचा पाय मोडल्याची बातमी त्या काळी गावात आली ती ‘फौजी घसरला’ अशी. गावाला तेवढं पुरलं. चौकातल्या चहावाल्या शामरावाने ‘घसऱ्या फौजी’ असं नाव ठेवलं आणि ते डिंकासारखं चिकटलं. लग्नात मांडवात पाणी सांडलं की कोणीतरी हमखास ओरडे, “फौजीभाऊ, सांभाळून चाला गा!” भाऊ सगळ्यांबरोबर हसत. अनसूयाबाई हसत नसत. रोज त्या पायाला मोहाचं तेल चोळायचं त्यांनी आणि वर गावाचं हसणंही ऐकायचं त्यांनी.

“मी म्हनतो बाई, हा मानूस घसरूच नाई शकत,” त्या माझ्याकडे वाकून म्हणाल्या. “लहानपनापासून ओल्या पाळीवर, डोक्शावर जाळं घेऊन धावनारा मानूस. पान्यातला मानूस घसरते काय? पायाचंबी लिवा तुमी.”

“पायाचं नाई लिवाचं,” भाऊ म्हणाले.

आवाज चढला नव्हता, पण शेळ्यांनीसुद्धा ऐकला असता असा तो आवाज होता. मी पायाचं लिहिलं नाही. फक्त बर्फातल्या ड्यूटीची नोंद दुरुस्त करावी असा अर्ज टाइप केला. भाऊंनी तो उभं राहून वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. “हे अतुलनीय काय हाये?”

“ज्याची तुलना नाही असं. तुमची सेवा.”

“काढून टाका. मी ड्यूटी केली, बाई. सारेच करत होते.”

माझं विशेषण खोडणारं ते पहिलं आणि शेवटचं गिऱ्हाईक. मला राग आला, पण काढलं.

अर्ज गेला. तो कुठवर पोचला हे विचारायला भाऊ अधूनमधून येत आणि येताना पळसाच्या पानात बांधलेले मासे आणत. कधी मरळ, कधी झिंगे. ते टेबलाखाली ठेवले की दिवसभर दुकानात तलावाचा वास आणि दाराशी मांजरांची सभा. नको म्हटलेलं त्यांना ऐकू येत नसे. मग एकदा त्यांनी मलाच बोलावलं. “तलावात मोठं जाळं टाकाचं हाये, या. ताजा मासा खाऊन पाहा, बाई. बाजारातला तं तुमी शिळाच खाता.”

मी गेले. हिवाळ्याची सकाळ होती. सारं ढिवरपुरं तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर जमलेलं, गळ्याएवढ्या पाण्यात पुरुष, काठावर टोपल्या घेऊन बायका. मासा बाहेर आला, त्याचे सारखे ढीग लागले. कोणता ढीग कोणाचा हे ठरवायची त्यांची एक रीत आहे. ज्याच्यावर सगळ्यांचा भरवसा तो माणूस ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एकेका ढिगावर काठी ठेवून विचारतो, हा कोणाचा? आणि हा न पाहता एकेक नाव घेतो. पाठ करून उभे होते मारोतीभाऊ. जो आजारी पडून घरी होता त्याचंही नाव त्यांनी घेतलं, आणि तो ढीग सगळ्यांत मोठा निघाला तरी कोणी हूं की चूं केलं नाही.

पण मी सांगणार आहे ते त्याच्या आधीचं. जाळं ओढताना दोन तरुणांची घाई झाली. एकाच्या हातातला बांबू सटकला आणि दुसऱ्याच्या भुवईवर बसला. रक्ताची धार लागली. मी काठावरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तो बाहेर आला, तशी मी ओरडले, “कसं लागलं?”

“पडला,” चार जण एकदम म्हणाले.

“पडला कसला? त्याने मारला बांबू!”

“पडलो, बाई,” ज्याच्या डोळ्यात रक्त उतरत होतं तोच म्हणाला. आणि बांबूवाला पोरगा मान खाली घालून त्याच्या जखमेवर स्वतःचा शेला दाबत होता.

माझा पारा चढला. आंधळी आहे की काय मी! तेव्हा भाऊ जवळ आले आणि मला समजावत म्हणाले, “बाई, पान्यातलं लागलेलं पान्यातच राह्यते. नाव घेतलं का पंचायत बसते, दंड होते, दोन घरं तोंड फिरवते. अन् उद्या तं या दोघाईलेच जाळं ओढाचं हाये न? म्हून आमच्या इथी कोनाच्या हातानं लागत नाई. मानूस पडते.”

माझ्या शेजारी अनसूयाबाई मासे साफ करत बसल्या होत्या. त्यांचा विळीवरचा हात थांबला. त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं आपण वर्षानुवर्षं घरात असलेल्या पेटीकडे अचानक पाहतो, की अरे, हिला कुलूप आहे. त्या दिवशी मला गाडीपर्यंत पोचवायला त्या एकट्याच आल्या.

“समजलं मले, बाई,” त्या म्हणाल्या. “हा मानूस तलावाची रीत घेऊन पलटनीत गेला. याईच्या संगं पान्याले दुसरा कोनतरी होता.”

“कोण?”

“राजन्ना. दुसरा कोन?”

राजन्ना हा सिरोंचाकडचा, प्राणहितेच्या काठचा, तेलुगू बोलणारा. भाऊंच्याच पलटणीतला, त्यांच्याहून लहान. दर वर्षी लाल मिरचीचं पोतं घेऊन यायचा. दारात आला की आधी वाकून भाऊंच्या त्या मोडक्या पायाला हात लावायचा आणि मग रामराम करायचा. “मोठा भाऊ मानते म्हून पाय धरते, असंच मले वाटे,” अनसूयाबाई म्हणाल्या. “पन दोन पायातला एकच पाय काऊन धरते, हे कधी सुचलंच नाई मले.”

मध्यंतरी बर्फाच्या ड्यूटीचं उत्तर आलं. नोंद दुरुस्त झाली होती, पदक पाठवत होते. भाऊंनी ते पत्र तळहाताने सारखं करून घडी घातली आणि म्हणाले, चला, काम झालं. अनसूयाबाई काहीच बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. पुढच्याच आठवड्यात बहिणीकडे आलापल्लीला जाते असं सांगून त्या निघाल्या, आणि आलापल्लीला न उतरता तशाच पुढे सिरोंचाला गेल्या. तो रस्ता ज्याने पाहिला आहे त्यालाच त्याची किंमत कळेल. हाडं मोजून घ्यावीत असा रस्ता.

परत आल्या त्या एका उंच, वाकलेल्या, पांढऱ्या मिशांच्या माणसाला घेऊन, थेट माझ्या दुकानात.

“लिवा, बाई,” अनसूयाबाई म्हणाल्या. “राजन्नाभाऊ सांगते, तुमी लिवा.”

राजन्नाने खुर्ची नाकारली. उभ्यानेच, सैन्यातल्या हिंदीत थोडी मराठी मिसळून सांगू लागला. दोघं चौकीच्या खाली पाणी आणायला गेले होते. राजन्ना तेव्हा नवाच होता. थंडीने बोटं गळून पडतील असं वाटत होतं. याने बिडी पेटवली. उजेड करायची सक्त मनाई होती. “माचिस जली, और सामने से गोला आया. मारोतीने मुझे धकेला. मी दगडाच्या मागे पडलो. तो उडाला, खाली नाल्यात. साहब लोगने पूछा, तर मारोती बोलला, गोळ्याच्या आधीच मी घसरलो होतो. बिडी का नाम भी नहीं लिया.”

मी लिहीत होते. आणि नेमके तेव्हाच मारोतीभाऊ दारात आले. बाजाराचा दिवस होता आणि बहिणीकडून बायको आज येणार म्हणून ते स्टँडवर तिला घ्यायला आले होते. शेवटची वाक्यं त्यांनी ऐकली असावीत. आत येऊन त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं.

“बिडीचं वाक्य काटा, बाई.”

“काटना नहीं,” राजन्ना म्हणाला.

“ते वाक्य राह्यलं तं मी अर्जच देत नाई.”

“वो वाक्य नहीं, तो मेरी सही नहीं.”

मी बोटं उचलून बसले. स्वतःला कमी आणि दुसऱ्याला जास्त मिळावं म्हणून भांडणारे लोक माझ्या दुकानात कधी आले नव्हते, त्यामुळे अशा वेळी कोणावर रागवायचं हे मला कळेना.

“येडा हायेस काय?” भाऊ म्हणाले. “या वयात आपल्या अंगाले डाग लावून घेते? तुह्या पोराईले काय सांगशीन? नातवाईले काय सांगशीन?”

“सांगितलं,” राजन्ना म्हणाला.

“काय?”

“सबको बताया. सुट्टी में पहिल्यांदा घरी गेलो ना, त्याच दिवशी आईला सांगितलं. बायकोला, पोरांना, सगळ्या गावाला. हमारे गाव में छोटे बच्चे को भी मालूम है मारोती का पैर कैसे गया. सिर्फ तेरे गाव को मालूम नहीं.”

आणि मग अनसूयाबाई बोलल्या. इतका वेळ ही बाई गप्प बसली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

“मी त्याईच्या गावात उतरलो,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “कोनाले वळखत नाई, भाषा समजत नाई. एकीनं इचारलं कोन, तं मी म्हटलं, मारोतीची बायको. असं म्हनताच साऱ्या बाया घरातून बाहीर आल्या. म्हातारी बाई आली, राजन्नाभाऊची माय. तिनं माहे पाय धुतले हो, परातीत ठेवून. माहे पाय! अन् आपल्या गावात शामराव मले म्हनते, घसऱ्याची बाई आली.” त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मीही पदराने डोळे पुसले. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

राजन्ना भाऊंजवळ गेला. “मारोती, गलती माझी होती. तू ती घेतली आणि तुझ्या पायात ठेवली. इतकी वर्षं ठेवली. मी दर साल येतो, तुझा पाय बघतो, मिरची देतो, जातो. मिरची से क्या होता है? माझी आहे ना ती? मग मला दे वापस.”

दुकानाबाहेर अहेरीच्या गाडीचा पुकारा चालू होता. भाऊंनी पाणी मागितलं. मी तांब्या दिला. त्यांनी सगळं पाणी सावकाश पिऊन तांब्या टेबलावर ठेवला.

“लिवा, बाई,” ते म्हणाले. “त्यानं सांगतलं तसंच लिवा. पन त्यानं एक गोष्ट सोडली, ते मी सांगतो. हा नवा रंगरूट, अंगानं काडी. माह्या पायाचं हाड बाहीर आलं होतं. यानं मले पाठीवर घेतलं अन् त्या बर्फातून चौकीवर नेलं. ते काऊन नाई सांगितलं रे तू?”

राजन्ना खिडकीबाहेर पाहू लागला. ते वाक्य मी न विचारता जोडलं, आणि एकही विशेषण न लावता. मग दोघांनी सह्या केल्या.

उत्तर यायला पुष्कळ काळ गेला. मधे विचारणा झाली, राजन्नाला एकदा साक्षीसाठी बोलावलं. इतक्या जुन्या बिडीबद्दल त्याला कोणी काही केलं नाही. शेवटी पाय युद्धजखमेचा ठरला आणि जखमी सैनिकाला मिळतं ते पदक घरी आलं. अनसूयाबाईंनी ते भाऊंच्या हाती दिलंच नाही. स्टीलच्या डब्यात रुमाल अंथरून त्यात ठेवलं आणि संक्रांतीचं वाण द्यावं तशा घरोघर फिरल्या. शामरावाच्या टपरीवर तर त्यांनी डबा उघडून त्याच्या गल्ल्यावरच ठेवला आणि उभ्या राहिल्या. तो बिचारा कपबशा पुसतच राहिला. भाऊ मागून आले, त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, “अनसूये, पुरे कर आता. शामराव, तीन चाय टाक गा, कायदेसे.” ही हकीकत मला शामरावानेच सांगितली, आणि सांगताना भाऊंना ‘नायकसाहेब’ म्हणाला.

त्या निमित्ताने भाऊंनी मला जेवायला बोलावलं. राजन्ना सिरोंचाहून आला होता, मिरचीचं पोतं घेऊनच. जेवणात मरळीचा रस्सा होता आणि तिखटाने माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी येत होतं. भाऊ, राजन्ना आणि शेजारची दोन म्हातारी माणसं हसून हसून लोळत होती. कोण काय बोललं ते आता आठवत नाही. अनसूयाबाई वाढत होत्या आणि वाढताना एक अक्षर बोलत नव्हत्या, इतक्या खूश होत्या.

ऊन उतरल्यावर मी निघाले. भाऊ आणि राजन्ना मला सडकेपर्यंत पोचवायला आले. ऑटोत बसून मी मागे पाहिलं. दोघं घराकडे परतत होते. मी भाऊंना इतकी वर्षं ओळखत होते, पण त्यांना लंगडताना कधी पाहिलं नव्हतं. ते ताठ चालत, आणि त्या ताठ चालण्याने पायाला काय होतं ते फक्त रात्री तेल चोळणारीला ठाऊक असे. त्या संध्याकाळी ते लंगडत होते. चांगले, उघड, भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम घालत लंगडत होते. आणि शेजारून तो उंच राजन्ना आपली पावलं आखूड करून, त्यांच्याच चालीने चालला होता.